सेल्फी नको, पोर्ट्रेट दे!

जिगरी दोस्त परदेशी गेला की आपण काय करतो? एअरपोर्टवर ग्रुप सेल्फी, मग वाढदिवसाला ऑनलाइन गिफ्ट. संपलं!

शिल्पकार थॉमस वूलनर १८५२मध्ये सोनं शोधायला इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला गेला. तो 'प्री-राफेलाइट ब्रदरहूड' या तरुण चित्रकारांच्या कंपूतला. १२ एप्रिल १८५३ रोजी मागे राहिलेले मित्र लंडनमध्ये मिलेच्या स्टुडिओत जमले. वूलनरला पाठवायला त्यांनी एकमेकांचीच पोर्ट्रेट्स काढली. मिले तेव्हा २३ वर्षांचा, हंट २६चा. हंटने रंगीत खडूंनी काढलेला रोझेटी आज मँचेस्टर आर्ट गॅलरीत आहे.

गंमत म्हणजे, हा कंपू तेव्हा फुटायच्या बेतात होता. तरी दूरच्या एका मित्रासाठी सगळे समोरासमोर बसले. सेल्फीत आपण स्वतःलाच न्याहाळतो. पोर्ट्रेट काढायचं तर समोरच्याकडे नीट बघावंच लागतं. माझ्या मते खरं गिफ्ट हे बघणंच.

'पण मला चित्र कुठे येतं?' नसेल येत. मित्र कसा हसतो, चिडला की काय करतो, हे तर माहितीये ना? मग तेच हाताने लिहून पाठव. कुरिअर कंपनीच्या खोक्यात ते मिळत नाही.