काच फोडून बसला, इंग्रजीत

‘ही हॅज गॉन अँड ब्रोकन द विंडो.’ आठवीच्या वर्गात हे वाक्य फळ्यावर लिहिलं की उत्तर ठरलेलं : तो गेला आणि त्यानं खिडकी फोडली. शब्दाला शब्द लावला की एवढंच हाती लागतं. पण त्या वाक्यातला मुलगा कुठंही गेलेला नसतो. बोलणारा वैतागून म्हणत असतो, ‘फोडून बसला ना काच!’ हे मराठीत सांगितलं की मागच्या बाकापर्यंत अर्थ पोहोचतो, आणि पुढचं वाक्य मुलं स्वतःच तयार करतात.

‘फोडून बसला’मध्ये तरी कोण बसलेलं असतं? खाऊन टाक, करून ठेव, विसरून गेलो – मूळ काम पहिल्या क्रियापदाचं. दुसरं आपला अर्थ सोडून बोलणाऱ्याचा राग, घाई किंवा हळहळ सांगतं. मोरो केशव दामल्यांनी १९११च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त संयुक्त क्रियापदांची चर्चा केली आहे, पण मुलांना त्याआधीच, आईच्या बोलण्यातून, ती येत असतात. इंग्रजीत क्रम तेवढा उलटा : भाव सांगणारं ‘गो’ आधी, काम सांगणारं क्रियापद नंतर.

म्हणूनच ‘इंग्रजीच्या तासाला मराठीचा एक शब्द नको’ हा दंडक मला घातक वाटतो. महाराष्ट्रात २०००पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. इतकी वर्षं शिकून मुलं क्रियापदांच्या याद्या पाठ म्हणतात : यांच्यापुढे ‘टू’, त्यांच्यापुढे ‘इंग’. आणि ‘ट्राय’ दोन्ही याद्यांत दिसलं की गोंधळतात. खोलीत उकडत असेल तर ‘ट्राय ओपनिंग द विंडो’, म्हणजे खिडकी उघडून बघ, बरं वाटेल. खिडकी घट्ट बसली असेल तर ‘ट्राय टू ओपन द विंडो’, म्हणजे उघडते का बघ. आपल्याकडेही दोन्हीकडे ‘बघ’ आहे आणि डोळ्यांनी पाहण्याशी त्याचा संबंध नाही! हा फरक इंग्रजीतून समजावायला अर्धा तास जातो. मराठीत दोन वाक्यं पुरतात.

‘आय विल ट्राय अँड कम’ला अनेक शिक्षक लाल रेघ मारतात. फाउलरसारख्या काटेकोर इंग्रज कोशकारानं १९२६मध्येच या प्रयोगाची बाजू घेतली होती. ‘यायचं बघतो’ इतकं ते घरगुती आहे. शिकवायची खरी गोष्ट निराळी : भूतकाळात ही जोडी चालत नाही. ‘ही ट्राइड अँड केम’ म्हटलं तर तो प्रयत्न करून आलाच, असं होतं. यायचा प्रयत्न केला एवढंच सांगायचं तर ‘ट्राइड टू कम’ हवं. ‘गो अँड बाय’ला ही अडचण नाही, ‘शी वेंट अँड बॉट’ सरळ चालतं. अमेरिकेत मधला ‘अँड’ गाळून ‘गो गेट इट’ म्हणतात, सिनेमांमुळे ते मुलांच्या कानावर असतंच.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी रिकाम्या जागेत ‘टू’ की ‘इंग’ विचारणं आता थांबवावं. त्या दोन खिडक्यांची वाक्यं द्यावीत आणि कुठली खिडकी घट्ट बसली आहे, ते मराठीत लिहायला सांगावं. त्याला पूर्ण गुण द्यावेत.