यंदा दुसरा नंबर नको!

१५ ऑगस्टचा दिवस आपला ठरलेला असतो. सकाळी झेंडावंदन, मग जिलेबी, दुपारी झोप. यंदा ती झोप जरा लांबवावी लागणार, कारण त्याच रात्री साडेबाराला (म्हणजे कॅलेंडरवर १६ तारीख लागलेली असेल) अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूल विरुद्ध बोर्नमथ मॅच सुरू होईल आणि प्रीमियर लीगचा नवा सीझन उघडेल. मध्यरात्री पाणी प्यायला उठलेली आई विचारेल, "का करून रायली वो एवढ्या रात्री?" गेल्या सात वर्षांत या प्रश्नाला तिला पटेल असं उत्तर मला सापडलेलं नाही.

आधीच सांगून टाकते, मी आर्सेनलची. बातमी वेगळी आणि मत वेगळं, हे इंटर्नशिपच्या पहिल्याच दिवशी शिकवलं गेलं. तर हे मत आहे, आणि तेही एकतर्फी.

मी बावीस वर्षांची. आर्सेनलने शेवटची लीग जिंकली ती २००३-०४ मध्ये. ३८ मॅचपैकी २६ जिंकल्या, १२ ड्रॉ, हार एकही नाही. तेव्हा मी घरात रांगत होते. म्हणजे मला कळायला लागल्यापासून माझी टीम एकदाही चॅम्पियन झालेली नाही. २०१८ च्या वर्ल्ड कपनंतर मी नियमित बघायला लागले आणि पहिलंच वर्ष संपलं ते बाकूच्या फायनलमध्ये चेल्सीकडून ४-१ अशी धुलाई होऊन. दहावीचा निकाल लागायचा होता, घरच्यांना वाटलं मी त्याच टेन्शनमध्ये आहे. मी पण तसंच वाटू दिलं.

पण खरा छळ गेल्या तीन वर्षांचा. २०२२-२३ ला आम्ही तब्बल २४८ दिवस टेबलवर पहिले होतो आणि शेवटी दुसरे आलो. २०२३-२४ ला ८९ पॉइंट केले, मँचेस्टर सिटीने ९१ केले. मागच्या सीझनला पुन्हा दुसरे, या वेळी लिव्हरपूलच्या दहा पॉइंट मागे. कॉलेजात दरवर्षी दुसरा नंबर येणाऱ्या मुलीचं कौतुक होतं. फुटबॉलमध्ये तिच्यावर मीम्स बनतात.

मागच्या वर्षीचं टेबल नीट पाहिलं तर एक मजेशीर गोष्ट दिसते. लिव्हरपूल चार मॅच हरली, आणि आर्सेनलही चारच हरली. फरक पडला ड्रॉमध्ये. त्यांचे ९ ड्रॉ, आमचे १४. म्हणजे हरत नाही, पण जिंकतही नाही, हा आमचा आजार. कारणही उघड आहे. अख्ख्या सीझनमध्ये आर्सेनलच्या एकाही खेळाडूचे लीगमध्ये दहा गोल झाले नाहीत. हावर्ट्झ जखमी झाला, साका कित्येक आठवडे बाहेर राहिला आणि शेवटी मिकेल मेरिनो या मिडफिल्डरला स्ट्रायकर म्हणून उभं करायची वेळ आली. शेतात बैल नसला की म्हशीला जुंपतात, तसला प्रकार. (म्हशीने काम चांगलं केलं, हे मात्र मान्य करायला हवं.)

म्हणून या उन्हाळ्यातली सगळ्यात मोठी बातमी माझ्यासाठी व्हिक्टर ग्योकेरेश ही आहे. स्पोर्टिंग लिस्बनसाठी मागच्या सीझनला ५२ मॅचमध्ये ५४ गोल! आता लगेच कोणीतरी म्हणेल की पोर्तुगालच्या लीगमधले गोल वेगळे आणि इंग्लंडमधले वेगळे. बरोबर आहे. तिथून आलेले कित्येक हिरो इथे गारठलेत. पण आम्हाला त्याच्याकडून ५४ नकोच आहेत. त्या १४ ड्रॉपैकी पाच-सहा मॅचमध्ये ७५ व्या मिनिटानंतर कोणीतरी धक्का मारून बॉल आत ढकलला असता, तर आज हा लेख वेगळा असता. शिवाय मधल्या फळीत मार्टिन झुबिमेंडी आलाय. मिकेल आर्टेटा डिसेंबर २०१९ पासून कोच आहे आणि आजवर त्याच्या नावावर मोठी ट्रॉफी एकच, २०२० चा एफए कप. मला तो आवडतो, पण "प्रोसेसवर विश्वास ठेवा" हे वाक्य आता पुरे. सहा वर्षांत इंजिनिअरिंगला बॅक लागलेला पोरगासुद्धा पास होतो.

वेळापत्रक मात्र जीवघेणं आहे. १७ ऑगस्टला ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेड, २३ ला घरी लीड्स, आणि ३१ ऑगस्टला थेट अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूल. ती मॅच आपल्याकडे रात्री नऊला. त्याच दिवशी आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात, आणि दुसऱ्या दिवशीच्या पुरणाची, सोळा भाज्यांची तयारी रात्रीच सुरू होते. भाज्या निवडता निवडता मोबाइल डब्याला टेकवून ठेवायचा, एवढा प्लॅन झालाय. तिसऱ्याच मॅचला कळेल की आम्ही खरंच लायक आहोत की नाही.

लिव्हरपूलबद्दल नीट लिहायला हवं. चॅम्पियन टीम सहसा थोडीच डागडुजी करते, यांनी दुकानच उघडलं. फ्लोरियन व्हिर्ट्झसाठी बोनस धरून ११.६ कोटी पाउंड, म्हणजे आपल्या हिशेबात साडेतेराशे कोटी रुपयांच्या आसपास. शिवाय एकिटिके, केर्केझ, फ्रिमपॉन्ग. कागदावर बघितलं तर त्यांनाच फेव्हरिट म्हणावं लागेल. पण कागदावर न दिसणारी गोष्ट म्हणजे दिओगो जोटा. ३ जुलैला स्पेनमध्ये कार अपघातात तो आणि त्याचा भाऊ आंद्रे सिल्वा दोघंही गेले. जोटा अवघा २८ वर्षांचा, लग्नाला अकरा दिवस झाले होते. क्लबने त्याचा २० नंबर कायमचा बाजूला ठेवला. आम्ही आर्सेनलवाल्यांनी त्याला खूप शिव्या घातल्यात, कारण तो आमच्याविरुद्ध हमखास गोल करायचा. शुक्रवारी रात्री मॅचआधी अ‍ॅनफिल्ड त्याच्यासाठी उभं राहील तेव्हा मीही अंथरुणात उठून बसणार आहे. ड्रेसिंग रूममधली एक खुर्ची रिकामी असताना ती टीम कशी खेळेल, हे कुठल्याच एक्स्पर्टला सांगता येणार नाही. कोणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नका.

बाकीचे पटापट. सिटी डी ब्रुयनेशिवाय, पण पेप गार्डिओला आहे तोवर त्यांना मोडीत काढणं मूर्खपणा. चेल्सीने जुलैत क्लब वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये पीएसजीला ३-० हरवलं, आता त्यांचे फॅन जमिनीवर नाहीत. युनायटेड मागच्या वर्षी पंधराव्या नंबरवर, टॉटनहॅम सतराव्या, आणि हे दोघं युरोपा लीगची फायनल खेळले! टॉटनहॅम जिंकली, तरीही कोचला नारळ मिळाला. युनायटेडने शेश्को, कुन्या, एम्ब्युमो घेतलेत आणि युरोपात खेळायचं नसल्याने आराम भरपूर. पहिल्या पाचात येतील. लीड्स, बर्नली आणि संडरलँड हे वर आलेले तीन. गेल्या दोन्ही सीझनला वर आलेले तिन्हीच्या तिन्ही क्लब परत खाली गेले. यंदा त्यातला एक तरी टिकावा, नाहीतर या लीगला सर्वोत्तम कशाला म्हणायचं?

आता तो नेहमीचा टोमणा: कुठलं लंडन, कुठलं भंडारा! खरं सांगू, टीव्हीपुरतं बघितलं तर आपण त्यांच्यापेक्षा नशीबवान. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी तीनच्या मॅच लाइव्ह दाखवतच नाहीत, लोकांनी मैदानावर जावं म्हणून. त्याच मॅच आपण संध्याकाळी साडेसातला चहा पीत बघतो.

टोमणा लागतो तो दुसऱ्या बाजूने. ११ जुलैला इंडियन सुपर लीगचा पुढचा सीझन थांबवून ठेवल्याचं जाहीर झालं. फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार डिसेंबरमध्ये संपतोय आणि पुढचं ठरलेलं नाही. मुंबई सिटी एफसी आणि मँचेस्टर सिटी एकाच ग्रुपच्या टीम. एकीचा पहिल्या मॅचचा दिवस ठरलाय, दुसरीला खेळायला मिळणार की नाही हेच माहीत नाही. मला आर्सेनलच्या तिसऱ्या गोलकीपरचं नाव येतं, पण मुंबई सिटीचे अकरा सांगा म्हटलं तर सातवर अडकते. याची लाज वाटते, आणि हे माझ्या एकटीचं नाही. तुम्हीही मोजून बघा.

तरी याच जुलैत आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ हरवून २०२६ च्या आशिया कपचं तिकीट मिळवलं. क्वालिफायर खेळून तिथे जाण्याची ही पहिलीच वेळ. संगीता बासफोरने दोन्ही गोल मारले. माझ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या दिवशी चर्चा काय चालली होती? ग्योकेरेश येणार की नाही! मी पण त्यातच होते. आणि इथून साठेक किलोमीटरवर नागपुरात विजय बारसे सरांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन स्लम सॉकर सुरू केलं. 'झुंड' आपण सगळ्यांनी पाहिला, थिएटरात शिट्ट्या वाजवल्या, बाहेर येऊन परत मेस्सी की रोनाल्डो.

म्हणून यंदा स्वतःपुरता एक नियम केलाय. आर्सेनलची एक मॅच बघितली की भारतातली एक बघायची, मुलींची असो की मुलांची, असेल ती. आयएसएल नाही तर संतोष ट्रॉफी सही. जमेल का, माहीत नाही. झोप आधीच कमी आहे.

आणि भविष्यवाणी? पहिले आर्सेनल, दुसरे लिव्हरपूल, तिसरे सिटी. ग्रुपवर लिव्हरपूलवाल्या मैत्रिणीशी पैज लागलीय. आम्ही चौथ्यांदा दुसरे आलो, तर अख्ख्या ग्रुपला माझ्याकडून तर्री पोहे. सीझन संपतो २४ मेला, भंडाऱ्याच्या भर उन्हाळ्यात. चौदा जण आहेत ग्रुपमध्ये, आणि स्टायपेंडचा आकडा मी इथे लिहीत नाही. आर्टेटा सर, बघा बाप्पा जरा.