चर्चची श्रीमंती आणि शाळांची झोळी

जानेवारी 2012 मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या कॅथलिक महाधर्मप्रांताने आपल्या चाळीसहून अधिक प्राथमिक शाळा व चार माध्यमिक शाळा बंद करण्याचा अथवा शेजारच्या शाळांत विलीन करण्याचा बेत जाहीर केला. विद्यार्थी घटले आणि तूट वाढली, हे त्याचे कारण. कॅथलिक शाळांची धर्मप्रांतव्यापी व्यवस्था अमेरिकेत प्रथम उभारली ती याच शहरात, 1852 ते 1860 या काळात तेथे बिशप असलेल्या जॉन न्यूमन यांनी. साहजिकच गहजब उडाला. माजी विद्यार्थी आणि पालक रस्त्यावर आले, वर्गणीच्या याद्या फिरू लागल्या, धनिकांनी थैल्या सैल केल्या आणि फेब्रुवारीच्या अखेरीस चारही माध्यमिक शाळा चालू राहतील असे आर्चबिशपांना जाहीर करावे लागले. त्याच वर्षी आर्चबिशपांचा सोळा खोल्यांचा निवासवाडा सेंट जोसेफ विद्यापीठाने 1 कोटी डॉलरला विकत घेतला.

या दोन घटना एकाच वर्षी घडाव्यात हे पुष्कळांच्या मनात सलले. शाळांसाठी मुलांच्या हाती सोडतीची तिकिटे देणारे चर्च इतकी वर्षे अशा वाड्याचे धनी होते काय? रोमच्या चित्रशिल्पांकडे बोट दाखवणारा जुना प्रश्नही मग नव्याने पुढे आला. पोपने आपला खजिना विकला तर जगातल्या किती शाळा चालतील?

प्रश्न रास्त वाटतो. परंतु त्यात मत्ता आणि उत्पन्न यांची गल्लत आहे. व्हॅटिकनच्या हिशेबात मायकेलअँजेलोच्या ‘पिएता’सारख्या कलाकृतींची किंमत नाममात्र एक युरो धरली जाते, ती चेष्टा म्हणून नव्हे, जी वस्तू विकायचीच नाही तिचा बाजारभाव निरर्थक असतो. फिलाडेल्फियाचा वाडा मात्र खरोखर विकला गेला, तेव्हा त्याचाच हिशेब करून पाहावा. 1 कोटी डॉलर शेकडा 4 दराने गुंतवले तर वर्षाला 4 लाख डॉलर हाती येतात. शिक्षकाचे वार्षिक वेतन 50 हजार डॉलर धरले तर या व्याजातून आठ शिक्षकांचा पगार निघेल. त्या वेळी या महाधर्मप्रांताच्या नुसत्या माध्यमिक शाळांतच सुमारे सातशे शिक्षक होते. वाडे विकून शाळा चालत नाहीत. वाडा एकदाच विकता येतो आणि पगार दर महिन्याला द्यावा लागतो.

मग या शाळा शंभर वर्षे चालल्या कशा? बाल्टिमोर येथे 1884 साली भरलेल्या बिशपांच्या परिषदेने प्रत्येक पॅरिशने दोन वर्षांच्या आत चर्चशेजारी शाळा बांधावी असा दंडक घातला. (योगायोग असा की, पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली तीही त्याच वर्षी.) पॅरिशमधील माणसे होती आयर्लंड, पोलंड, इटलीहून आलेले हमाल, खाणकामगार, मोलकरणी. त्यांच्या नाण्यांतून इमारती उभ्या राहिल्या. वर्गावर उभ्या राहिल्या त्या धर्मभगिनी. निष्कांचनतेचे व्रत घेतलेल्या या स्त्रिया नाममात्र मानधनावर, पन्नास-साठ मुलांच्या वर्गात, आयुष्यभर शिकवीत राहिल्या. 1950 साली या शाळांतील दहांपैकी नऊ शिक्षक व्रतस्थ होते. चर्चचा शाळांसाठीचा खरा निधी कोठल्या बँकेत वा तळघरात नव्हता. तो या स्त्रियांच्या न दिलेल्या पगारात होता. आगरकर-टिळकांच्या पिढीने स्वेच्छेने अल्प वेतन पत्करून संस्था उभ्या केल्या, हे येथील वाचकास ठाऊक आहेच. तिकडे तो त्याग काही मोजक्या ध्येयवाद्यांचा न राहता एका अवाढव्य व्यवस्थेचा पाया झाला, आणि ताळेबंदात त्याची नोंद कोठेच नव्हती.

1960 च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत सुमारे 52 लाख मुले कॅथलिक शाळांत शिकत होती आणि धर्मभगिनींची संख्या सुमारे 1 लाख 80 हजार होती. आज मुले 17 लाखांच्या आसपास आहेत आणि धर्मभगिनी 40 हजारांहून कमी, त्याही बहुतेक वृद्ध. शाळांतील व्रतस्थ शिक्षकांचे प्रमाण शेकडा तीनच्या आसपास उतरले आहे. ज्यांना पगार नव्हता त्यांच्या जागी पगारी शिक्षक आले, फी वाढली, फी परवडेना म्हणून मुले गेली, आणि मुले गेली म्हणून उरलेल्यांची फी आणखी वाढली. न दिलेला पगारही कायमचा वाचला नव्हताच. या स्त्रियांना अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा योजनेचे दार उघडले ते 1972 च्या कायद्याने; तोवर त्यांच्या नावे म्हातारपणाची तजवीज जवळपास नव्हती. अखेर 1988 पासून बिशपांनी देशभरातील चर्चमधून दर वर्षी डिसेंबरात वृद्ध व्रतस्थांच्या निर्वाहासाठी वेगळी झोळी फिरवण्यास प्रारंभ केला. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे वेतन असे वर्गणी काढून फेडले जात आहे.

भाविकांचा हातही याच काळात आखडला. समाजशास्त्रज्ञ धर्मगुरू अँड्र्यू ग्रीली आणि बिशप विल्यम मॅकमॅनस यांच्या 1987 सालच्या अभ्यासात असे आढळले की, 1960 च्या सुमारास उत्पन्नाच्या शेकडा दोनांहून थोडे अधिक चर्चला देणारे कॅथलिक कुटुंब 1980 च्या दशकात जेमतेम एक टक्का देऊ लागले. प्रॉटेस्टंटांचे प्रमाण मात्र फारसे ढळले नाही. म्हणजे हमालांची नातवंडे वकील-डॉक्टर झाली आणि दान निम्म्यावर आले. ग्रीली यांनी याचा संबंध 1968 च्या संततिनियमनविरोधी धर्माज्ञेवरील रोषाशी जोडला. ते कारण पुरेसे असो वा नसो, शाळांना नवे दाते शोधणे भाग पडले. बिंगोचे खेळ, लेंटमधील शुक्रवारची मासळीची जेवणे, घरोघर चॉकलेट विकणारी मुले हे जुने मार्ग होतेच. आता मोठे निधी निघाले. न्यूयॉर्कमध्ये 1971 साली आर्चबिशप कुक यांनी गरीब वस्त्यांतील मुलांसाठी शिष्यवृत्ती निधी काढला. त्या निधीस 2007 साली 2 कोटी 25 लाख डॉलर दिले ते रॉबर्ट विल्सन या उघड नास्तिक वित्तव्यवहारीने. गरीब मुलांना या शाळा बरे शिकवतात, एवढेच त्याला पुरे होते.

दानाच्या या कथेत सरकारही आहे, पण आडपडद्याने. महाराष्ट्रात अनुदानित शाळा मिशनची असो की स्थानिक मंडळाची, शिक्षकाचा पगार सरकारी तिजोरीतून होतो. अमेरिकेच्या घटनेत हे बसत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1971 साली ‘लेमन’ खटल्यात दिला. आणि त्यात रद्द ठरलेला एक कायदा पेनसिल्व्हेनियाचा, म्हणजे फिलाडेल्फिया ज्या राज्यात आहे त्याच राज्याचा होता. त्याच राज्याने 2001 साली दुसरी वाट काढली. एखाद्या कंपनीने शिष्यवृत्ती निधीस देणगी दिली तर तिच्या 75 टक्के, आणि दोन वर्षांची हमी दिल्यास 90 टक्के रक्कम कंपनीला करातून वजा मिळते. शंभर डॉलरच्या या औदार्यात दात्याचे दहा आणि करदात्याचे नव्वद. कोनशिलेवर नाव मात्र दात्याचे!

येथे चर्चच्या श्रीमंतीचा प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहतो. किती आहे, यापेक्षा कोणाचे आहे, हा तो प्रश्न. लैंगिक अत्याचारांच्या दाव्यांमुळे पोर्टलंडच्या महाधर्मप्रांताने 2004 साली दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा पॅरिशच्या इमारती व शाळा आर्चबिशपांच्या नव्हेत, पॅरिशच्या आहेत, असा बचाव घेण्यात आला. पुढच्या वर्षी न्यायालयाने तो फेटाळला. शाळा बंद करताना निर्णयाचा अधिकार आर्चबिशपांचा आणि देणी चुकवताना मालकी पॅरिशची, या दोन भूमिका एकत्र कशा नांदाव्यात? इतर धर्मादाय संस्थांना भरावे लागणारे वार्षिक विवरणपत्र भरण्यापासून अमेरिकेत चर्चला सूट आहे. फिलाडेल्फियात तर महाधर्मप्रांताच्या माजी मुख्य वित्ताधिकाऱ्यानेच 9 लाख डॉलरहून अधिक रकमेचा अपहार केल्याचे 2012 साली शाबीत झाले. तेही शाळा बंद होण्याच्याच वर्षी. अशा वेळी भाविकाने ‘खजिना विका’ असे ओरडावे यात त्याचे अज्ञान थोडे आणि अंधारात ठेवले गेल्याची चीड अधिक असते.

तथापि या वादात ज्यांचे नाव क्वचितच निघते ते पगारी शिक्षक. सरकारी शाळेतील शिक्षकापेक्षा कमी वेतनावर ते काम करतात. धर्मभगिनींचे व्रत त्यांनी घेतलेले नाही, पण त्याची वजावट त्यांच्या पाकिटातून होते. 1979 साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की, चर्चच्या शाळांतील शिक्षकांवर राष्ट्रीय कामगार मंडळाचा अधिकार चालत नाही. त्यामुळे त्यांच्या संघटनेला मान्यता देणे न देणे व्यवहारतः बिशपांच्या मर्जीवर राहिले. फिलाडेल्फियातील संघटना चिवट म्हणून टिकली. सप्टेंबर 2011 मध्ये, म्हणजे शाळाबंदीच्या घोषणेपूर्वी अवघे चार महिने, सतरा माध्यमिक शाळांतील हे सुमारे सातशे शिक्षक दोन आठवडे संपावर होते. वेतनाबरोबरच नोकरीची शाश्वती हा त्यांचा आग्रह होता, आणि तो अनाठायी नव्हता हे जानेवारीत सर्वांना कळले.

2012 पासून या माध्यमिक शाळांचा कारभार महाधर्मप्रांताने एका स्वतंत्र प्रतिष्ठानाकडे सोपवला. व्यवसायातली माणसे, निधिसंकलनाचे जाणकार त्यात आले. ही सुधारणाच. परंतु असे प्रतिष्ठान देणगीसाठी जे पत्रक काढते त्यात इमारत, प्रयोगशाळा, शिष्यवृत्ती यांचे आकडे असतात. आपला शिक्षक आणि शेजारच्या सरकारी शाळेतला शिक्षक यांच्या वेतनात डॉलरमागे किती अंतर आहे, आणि सगळ्या शिक्षकांचे मिळून ते वर्षाला किती होते, ही ओळही त्यात छापली जावी. देणगीदारांच्या यादीत सर्वांत वरची रक्कम बहुधा तीच निघेल.