दोन अक्षरी राग

'राग' हा शब्द आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. आईला आला की घर चिडीचूप होते आणि गवयाने आळवला की मैफल डोलू लागते! एकाच शब्दाची ही दोन रूपे रोजच्या सवयीमुळे आपल्याला खटकतही नाहीत.

या शब्दाचे मूळ संस्कृतातील 'रंज्' या धातूत आहे. रंज् म्हणजे रंगणे. 'रंग' आणि 'राग' ही त्याचीच लेकरे. राग म्हणजे रंग, त्यातही लाली. म्हणूनच माणकाला 'पद्मराग' म्हणतात. मन ज्यात रंगते ती प्रीती, आसक्ती हाही राग आणि मनाला रंगवणारी स्वररचना हाही रागच. प्रेमाने चेहऱ्यावर लाली येते, तशी ती संतापानेही येते. रोजच्या बोलण्यात मराठीने संताप उचलला. बंगाली आणि ओडिया भाषांनीही तोच उचलला. हिंदीने संतापाचे काम 'गुस्सा' आणि 'क्रोध' यांच्यावर सोपवले आणि 'राग'कडे संगीत व आसक्ती ठेवली.

हा निव्वळ शब्दांचा खेळ नव्हे. जैन परंपरेत तीर्थंकरांना 'वीतराग' म्हणतात. मराठी कानाला वाटते, ज्याला राग येत नाही तो. खरा अर्थ आहे, ज्याची आसक्ती गेली तो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञाच्या लक्षणांतही राग, भय आणि क्रोध यांची नावे वेगवेगळी घेतली आहेत. तिथे राग म्हणजे संताप मानला, तर तीच गोष्ट दोनदा सांगितली असे होईल. शिवाय अवघड उपदेश निसटतो तो वेगळाच. संताप आवरावा, हे कुणालाही पटते. आपले घर, आपली मुले, आपली मते यांत गुंतलेले मन सोडवणे किती कठीण!

याची उलट बाजू 'लोभ' या शब्दात दिसते. हिंदीत लोभ म्हणजे हाव. मराठीतही तो अर्थ आहे. पण आपण पत्राच्या शेवटी 'लोभ असावा' असे लिहितो, तेव्हा माया मागत असतो. हिंदी भाषकाला त्याचा शब्दशः अर्थ लावू द्या, तो चक्रावून जाईल!

यात कुणाची भाषा बिघडलेली नाही. एकाच आजीचे दागिने नातींनी आपापल्या हौशीने घडवून घ्यावेत, तसे हे आहे. आज आपल्या इमारतीत, कचेरीत, कित्येकदा एकाच घरात दोन-तीन भाषा नांदतात. सून एक शब्द बोलते, सासू दुसराच ऐकते आणि अबोला धरला जातो. अशा वेळी "तुमच्याकडे याचा अर्थ काय?" एवढे विचारले तरी पुष्कळ काम होते. परभाषेतला ओळखीचा शब्द अनोळखी शब्दापेक्षा अधिक फसवतो. कारण अनोळखी शब्दाचा अर्थ आपण विचारतो, ओळखीचा मात्र गृहीत धरतो.

शब्दावरून राग येण्याआधी तो राग कोणत्या भाषेतला, हे पाहावे. लोभ मग आपोआप राहील.