खबर देणाऱ्याच्या पदरात काय पडते?

आज १० मार्च. १८९७ साली याच दिवशी सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगने गेल्या. त्यांचे दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरच्या ससाणे मळ्यात प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना सुरू केला होता. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी सावित्रीबाई वस्त्यावस्त्यांतून आजारी माणसे शोधून त्यांना तिथे आणत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या गायकवाडांच्या मुलाला प्लेगने गाठल्याचे कळताच त्यांनी त्याला पाठीवर घेतले आणि दवाखाना गाठला. त्यातच त्यांना संसर्ग झाला. पहिली भारतीय शिक्षिका म्हणून त्यांना वंदन करताना त्यांच्या या शेवटच्या कामाचा उल्लेख एका वाक्यात उरकला जातो. सार्वजनिक आरोग्याचा विचार करणाऱ्याने मात्र आज तिथेच थांबायला हवे.

कारण त्याच दिवसांत त्याच शहरात रुग्ण शोधण्याचे दुसरेही काम चालू झाले होते. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला आणि प्लेग अधिकारी वॉल्टर रँड यांच्या हाताखाली पुण्यात घरोघर झडत्या सुरू झाल्या. गोरे सोजीर माजघरापर्यंत, देवघरापर्यंत शिरले. संशयितांना छावणीत नेले, सामानसुमान जाळले, बायकामाणसांची तपासणी परक्या पुरुषांसमोर झाली. रुग्ण शोधून वेगळे करणे हा उद्देश वैद्यकीयदृष्ट्या चुकीचा नव्हता. पण लोकांनी आजारी माणसे माळ्यावर, कोठीत लपवली, प्रेते गुपचूप हलवली आणि ज्यांना जमले त्यांनी शहर सोडले. त्यांच्यासोबत साथही गावोगाव गेली. २२ जूनच्या रात्री रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढचा राजकीय इतिहास सर्वांना ठाऊक आहे. आरोग्याच्या इतिहासातला त्याचा धडा मात्र आपण पुरेसा वाचलेला नाही.

सोजीरही दारोदार फिरत होते आणि सावित्रीबाईही. रुग्ण सापडल्यावर त्याचे पुढे काय होणार, एवढ्यानेच दोन्ही शोधांचे फळ वेगळे ठरले. एकीकडे हाती सत्ता, कायदा आणि मनुष्यबळ असूनही घराची दारे बंद झाली. दुसरीकडे उपचाराची खात्री असल्याने ती उघडली. साथरोग सर्वेक्षणाचा सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे. आजाराची पहिली खबर प्रयोगशाळेतून येत नाही. ती घरातून, गोठ्यातून, रानातून येते, आणि ती देणाऱ्याच्या पदरात काय पडते यावर ती येणार की दडणार हे ठरते.

प्लेगचीच गोष्ट पुढे पाहू. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात हा रोग ओळखला तो मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. १० जानेवारी १८९७ रोजी जीवाणुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्या प्रयोगशाळेत तयार केलेली लस आधी स्वतःला टोचून घेतली. पिसवा हा रोग उंदरांतून पसरवतात हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवले, पण ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. आपल्या गावकऱ्यांनी मात्र आपल्या परीने एक खूण हेरली होती. घरात उंदीर पडू लागले की बिऱ्हाड हलवायचे आणि गावाबाहेर माळावर झोपड्या टाकून राहायचे. कारण त्यांना सांगता येत नव्हते, पण खूण अचूक होती. लोकांच्या नजरेची ही नोंद संशोधकाच्या टेबलापर्यंत लवकर पोहोचली असती, तर कदाचित सामान जाळण्याआधी उंदीर मोजले गेले असते.

लोकांची अशी खबर ऐकणारी संस्था पुढे पुण्यातच उभी राहिली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी १९५२ मध्ये स्थापन केलेले विषाणू संशोधन केंद्र म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरून पडू लागली आणि पाठोपाठ आसपासच्या गावांतली माणसे तापाने फणफणली. आधी पीतज्वराची शंका आली. पुण्याच्या संशोधकांनी रानात जाऊन मेलेली माकडे, गोचिडी आणि रुग्णांचे रक्त तपासले, आणि जगाला तोवर अज्ञात असलेला एक विषाणू हाती लागला. हाच माकडताप २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात दिसला. काजूच्या हंगामात बागेत राबणाऱ्यांना तो गाठतो. तिथे आजही मेलेले माकड दिसल्याचे एखाद्या बागायतदाराने वेळेवर कळवणे हीच सर्वांत लवकर मिळणारी सूचना असते. ती ऐकून कोणी फिरकलेच नाही, तर पुढच्या वेळी तो कळवणार नाही. मग हंगामातला पहिला रुग्णच खबर घेऊन येतो.

नंदुरबारच्या नवापूरने हाच हिशोब २००६ मध्ये वेगळ्या तऱ्हेने शिकवला. देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक तिथल्या कुक्कुटपालन केंद्रांत सापडला आणि लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. मरतुकीची खबर देणारा शेतकरी जणू स्वतःच्या संसारावर नांगर फिरवायला सरकारला बोलावत असतो. म्हणून नष्ट केलेल्या पक्ष्यांची नुकसानभरपाई हा रोगनियंत्रणाचाच भाग मानला गेला. भरपाई रेंगाळली की मेलेल्या कोंबड्या रातोरात पुरल्या जाण्याची भीती असते, आणि विषाणूला नेमके तेच हवे असते.

मोठ्या प्रमाणावर हे जमू शकते याचा पुरावा म्हणजे पोलिओ. लस देणाऱ्या हातांचे कौतुक पुष्कळ झाले. मोजणारे हात मात्र अंधारातच राहिले. १९९७ पासून पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला की त्याची नोंद करायची, चौदा दिवसांच्या आत चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घ्यायचे आणि बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत पोहोचवायचे, हा नेम देशभर पाळला गेला. सरकारी डॉक्टरांसोबत खाजगी डॉक्टर, वैदू, मांत्रिक यांनाही त्या जाळ्यात सामील करून घेतले. मुंबईत २००१ पासून सांडपाण्यातही विषाणू शोधला जाऊ लागला. २००९ मध्ये ७४१ रुग्ण होते, २०१० मध्ये ४२, आणि २०११ मध्ये एक. १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात सापडलेला तो एक रुग्ण शेवटचा ठरला. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आग्नेय आशिया पोलिओमुक्त झाल्याचे जाहीर केले. रुग्ण नाही, हे छातीठोकपणे म्हणता आले, कारण शोध थांबला नव्हता. न शोधता मिळालेल्या शून्याला काही किंमत नसते.

क्षयरोगाच्या नोंदींनीही तेच दाखवले. २०१२ मध्ये क्षयरुग्णाची माहिती सरकारला देणे बंधनकारक झाले, तरी खाजगी दवाखान्यांतले बरेच रुग्ण वर्षानुवर्षे कोणत्याच वहीत नव्हते. नोंदणीबरोबर मोफत औषधे, २०१८ पासून पोषणासाठी महिना ५०० रुपये आणि कळवणाऱ्या खाजगी डॉक्टरलाही मानधन, असे मिळू लागल्यावर नोंदींचा आकडा वाढला. पुढे पोषणाची रक्कम १००० रुपये झाली. आकडा वाढला की घाबरायचे नसते. आधी न दिसणारे आजारी आता दिसू लागले, असा त्याचा अर्थ असतो. वाढत्या आकड्याबद्दल जिल्हा अधिकाऱ्याला जाब विचारण्याची सवय आपण सोडली नाही, तर आकडे कमी होतील आणि रोग तसाच राहील.

आज एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात आरोग्यसेविका लक्षणांची नोंद करते, डॉक्टर संभाव्य निदान कळवतो आणि प्रयोगशाळा पक्के निदान देते. २००४ मध्ये सुरू झालेली ही यंत्रणा आता संगणकीय आहे, आणि तिची गरज पुण्याने नुकतीच अनुभवली आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, धायरी परिसरात गुइलेन बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. एरवी तुरळक दिसणारा हा आजार इतका कसा, हा प्रश्न रुग्णालयांतल्या डॉक्टरांना पडला आणि त्यांनी तो कळवला. मग शौचाचे आणि पाण्याचे नमुने तपासले गेले आणि कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. वेगाने वाढलेल्या, महापालिकेत नव्याने आलेल्या गावांच्या पाणीपुरवठ्याचा प्रश्न ऐरणीवर आला. एका डॉक्टरच्या शंकेपासून गावाच्या विहिरीपर्यंत पोहोचणे, हेच सर्वेक्षणाचे काम. पण शोध विहिरीपाशी संपून चालत नाही. पाणी शुद्ध झाले का, हे विचारणारे कोणी उरले नाही, तर शोध वाया जातो.

म्हणून सरकारकडे आणि महापालिकांकडे काही साध्या मागण्या आहेत. पहिली, खबर देणाऱ्यांना बळ द्या. आशा सेविकेचा मोबदला वेळेवर मिळावा, आणि जिल्ह्यातल्या साथरोगतज्ज्ञांची, कीटकशास्त्रज्ञांची, प्रयोगशाळा तंत्रज्ञांची पदे कंत्राटाच्या टांगणीवर ठेवू नयेत. दुसरी, नमुन्याचा निकाल नमुना देणाऱ्यापर्यंत परत जावा. गावाने रक्त दिले आणि उत्तर आले नाही, असे होता कामा नये. तिसरी, उद्रेकाचे अहवाल वेळेवर, लोकांना कळतील अशा मराठीत प्रसिद्ध व्हावेत. लपवलेली माहिती अफवांना जागा करून देते. चौथी, रुग्णाचे नाव, वस्ती आणि जात कोणत्याही यादीतून चव्हाट्यावर येऊ नये. कोविडमध्ये दारांवर चिकटवलेल्या पाट्यांनी शेजाऱ्यांचे डोळे फिरवले होते. त्याची पुनरावृत्ती नको. आणि पाचवी, माणूस, जनावर आणि रान यांची नोंद करणारी खाती एकमेकांशी रोज बोलावीत, कारण विषाणूला खात्यांच्या सीमा ठाऊक नसतात.

यातले काहीच अवघड नाही आणि फारसे खर्चिकही नाही. साथ आल्यावर उभारलेल्या तात्पुरत्या रुग्णालयांपेक्षा वर्षभर चालणारी नोंद स्वस्तच पडते. अडचण एवढीच, की टळलेली साथ कोणाला दिसत नाही आणि तिचे श्रेयही कोणी घेऊ शकत नाही. म्हणून हा खर्च अंदाजपत्रकात पहिल्यांदा कापला जातो, आणि म्हणूनच त्याची राखण नागरिकांनी करायला हवी.

सावित्रीबाईंच्या प्रतिमेला आज ठिकठिकाणी हार घातले जातील. आरोग्य खात्यानेही घालावा. पण त्याच दिवशी प्रत्येक जिल्ह्यात एक आढावा घ्यावा: गेल्या वर्षभरात आजाराची, मेलेल्या माकडाची, गढूळ पाण्याची खबर ज्यांनी दिली, त्यांच्याकडे आपण किती दिवसांत पोहोचलो आणि त्यांना काय दिले? उत्तर समाधानकारक असेल, तर पुढची साथ आपल्याला लवकर कळेल. नसेल, तर कितीही संगणक बसवले, तरी माणसे पुन्हा दारे लावून घेतील.