हुकूम झाला, अंमल कधी?

अमेरिकेत दरवर्षी १९ जूनला ‘जूनटीन्थ’ साजरा होतो. १८६५ मध्ये याच दिवशी जनरल गॉर्डन ग्रेंजर यांनी टेक्सासमधील गॅल्व्हस्टन येथे लष्करी हुकूम क्रमांक ३ जारी केला आणि त्या राज्यातील सुमारे अडीच लाख गुलामांची मुक्तता अधिकृतपणे जाहीर झाली. लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा मात्र १ जानेवारी १८६३ पासूनच लागू होता. कागदोपत्री मुक्त असलेली माणसे तिथे अडीच वर्षे गुलाम म्हणूनच राबत राहिली, कारण कायद्याचा अंमल करणारे सैन्य तिथवर पोहोचले नव्हते.

तो हुकूम आज मुळातून वाचायला हवा. जुने मालक आणि जुने गुलाम यांचे हक्क संपूर्ण समान आहेत, असे त्यात बजावले आहे. पण लगेच पुढे सल्ला येतो: आहात तिथेच शांतपणे राहा, मजुरीवर काम करा, आळशीपणाला पोसले जाणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबवलेल्या माणसांना मुक्तीच्या पहिल्याच दिवशी ही तंबी! तरीही या माणसांनी १८७२ मध्ये ह्यूस्टनमध्ये वर्गणी काढून १० एकर जमीन विकत घेतली आणि हा दिवस साजरा करण्यासाठी स्वतःचे उद्यान उभारले.

तेराव्या, चौदाव्या आणि पंधराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपवली, नागरिकत्व दिले, कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार दिला. १८७० मध्ये हायरम रेव्हल्स हे सिनेटमधील पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले. १८७७ मध्ये केंद्र सरकारने दक्षिणेतून आपला लष्करी आधार काढून घेतला आणि चक्र उलटे फिरले. मतदानासाठी कर आला, साक्षरतेची परीक्षा आली, जमावाकडून होणाऱ्या हत्यांची दहशत होतीच. लुइझियानात १८९६ मध्ये १ लाख ३० हजार कृष्णवर्णीय मतदार होते; १९०४ मध्ये उरले १,३४२. घटनादुरुस्तीचा एक शब्दही त्यासाठी बदलावा लागला नाही.

या व्यवस्थेचे खरे रूप मिसिसिपीच्या फॅनी लू हेमर यांच्या अनुभवात दिसते. शेतमजुरी करणाऱ्या हेमरबाई ऑगस्ट १९६२ मध्ये मतदार नोंदणीसाठी इंडियानोला येथे गेल्या. राज्यघटनेतील एका क्लिष्ट कलमाचा अर्थ लिहा, असे त्यांना सांगण्यात आले आणि नापास ठरवण्यात आले. परतताना पोलिसांनी त्यांची बस अडवली. बसचा रंग चुकीचा आहे, असे कारण देऊन चालकाला दंड केला. जिथे त्यांनी १८ वर्षे काम केले, त्या मळ्यातून मालकाने त्यांना त्याच रात्री हाकलले. हेमरबाई मागे हटल्या नाहीत. पुढे कोठडीत अमानुष मारहाण सोसूनही त्या मताधिकारासाठी लढत राहिल्या.

दक्षिणेतील सेल्मा शहराच्या पुलावर मताधिकारासाठी मोर्चा काढणाऱ्या निदर्शकांचे रक्त सांडल्यानंतर ऑगस्ट १९६५ मध्ये मताधिकार कायदा झाला. नोंदणीवर देखरेखीसाठी केंद्राचे अधिकारी आले. मिसिसिपीत जेमतेम ७ टक्क्यांवर अडकलेली कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी दोनच वर्षांत सुमारे ६० टक्क्यांवर गेली. माणसे तीच होती. अंमलबजावणी बदलली होती. याच कायद्यात, भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांना मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घेण्याचे बंधन होते. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ते निकामी झाले.

इकडे भारतात महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा या आशेने. तो कित्ता पुढे चारच वर्षांत अमेरिकेनेच टाकून दिला. म्हणून जूनटीन्थचा धडा आपल्यालाही लागू आहे. कायदा करून समाजाची जबाबदारी संपत नाही. शासनाने तो रोज अमलात आणला पाहिजे आणि नागरिकांनी त्याची राखण केली पाहिजे. जिथे हक्क कागदावरच अडकले आहेत, तिथे जाब विचारणे हे प्रत्येक वाचकाचे कर्तव्य आहे.