किडनी शहरात, पेशंट गावात

परवा बचत गटाची बैठक संपली, आम्ही सतरंज्या गोळा करत होतो. तेवढ्यात आमच्या गल्लीतल्या वहिनी माझा हात धरून म्हणाल्या, "ताई, माझं नाव यादीत लागलं बरं का!" मला वाटलं, घरकुलाची यादी असेल. ती होती किडनीची.

वहिनींचं वय छत्तीस. आईचा रक्तगट जुळला, पण तिला शुगर, म्हणून डॉक्टरांनी नाही म्हटलं. नवऱ्याची तपासणी? "तो कमावता आहे," असं म्हणून सासूबाईंनी विषयच संपवला. हेच उलटं असतं तर? 1995 ते 2021 या काळात देशात अवयव मिळालेल्या पाचजणांत चार पुरुष होते. जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत मात्र आपण बायका जास्त. असो, त्यावर पुन्हा कधीतरी.

आज मला बोलायचंय ते अंतराबद्दल. डायलिसिस आता परभणीला होतं, 2016 च्या केंद्राच्या योजनेनंतर पुष्कळ सोय झाली, हे मान्य. पण प्रत्यारोपण म्हटलं की गाडी पकडायची. अवयव वाटपाची विभागीय केंद्रं महाराष्ट्रात चारच: मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. नाव घालायचं तेसुद्धा प्रत्यारोपणाची मान्यता असलेल्या हॉस्पिटलमधूनच. वहिनींबरोबर मी तीन खेपा केल्या. एकदा रिपोर्टवर शिक्का नव्हता, एकदा डॉक्टर रजेवर. दर खेपेला वहिनींच्या नवऱ्याची रोजी बुडाली, ते वेगळंच. फुले योजनेतून ऑपरेशनला मदत मिळते हो, पण नंतर महिनोन्महिने तपासण्यांसाठी शहरात राहायचं, त्या खोलीचं भाडं कुठल्या योजनेत बसतं?

आणि मुळात किडनी येते कुठून? मेंदूमृत माणसाच्या दोन किडन्यांपैकी एक साधारणपणे जिथे दान झालं त्याच हॉस्पिटलच्या पेशंटला मिळते, दुसरी विभागाच्या यादीला. म्हणजे जिथे मोठी हॉस्पिटलं, तिथेच दान आणि तिथेच नंबर लवकर. 2023 साली केंद्रानं रहिवासाची अट काढली, कुठल्याही राज्यात नाव नोंदवा म्हणाले. पैसेवाला चेन्नईला जाईल. आमच्या वहिनी परभणीला जायचं तरी शेजारणीकडून उसने घेतात.

माझं म्हणणं साधं आहे. 2011 च्या कायदादुरुस्तीनं प्रत्यारोपण न करणाऱ्या, पण अतिदक्षता विभाग असलेल्या हॉस्पिटललाही अवयव काढून घेण्यासाठी नोंदणी करता येते. मग जिल्ह्याजिल्ह्यांतून ते का होऊ नये? अपघातातली माणसं आमच्याकडेही येतात की. घरच्यांशी धीरानं बोलणारं, समजावणारं कुणी तिथे नेमा. नोंदणीआधीच्या तपासण्या जिल्ह्याच्या ठिकाणीच करा. बचत गटाच्या बायका फॉर्म भरून घ्यायला तयार आहेत, शिकवा फक्त.

वहिनींना सांगितलंय, फोन कधीही येईल, रात्री बारालासुद्धा, आणि लगेच निघायचं. आमच्या गावातून संध्याकाळी साडेसातनंतर एस.टी. नाही. त्यांनी जीपवाल्याचा नंबर दारामागे खडूनं लिहून ठेवलाय. जीपवाला म्हणतो, रात्रीचं भाडं दुप्पट. गटातून तेवढे पैसे बाजूला काढून ठेवावेत का, यावर येत्या बैठकीत बोलणार आहोत.